"माणशी दोन लिटर, वयाची अट नाही": एका उत्तराची चिकित्सा



पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "चिकित्सक वाचन म्हणजे नेमकं काय करायचं?" आज एक उत्तर घेऊ आणि ते कुठे कुठे चुकतं ते पाहू. उत्तर माझंच आहे, त्यामुळे कुणाला वाईट वाटायचं कारण नाही.

२०१९ ची दिवाळी. मी एमएस्सीला होते. परभणीचे माझे मावशी-काका दोन्ही मुलांना घेऊन दुबईला फिरायला गेले होते. मुलगा सतरा वर्षांचा, मुलगी बाराची. निघायच्या आदल्या दिवशी काकांचा फोन आला. "अगं, माणशी दोन लिटर दारू आणता येते म्हणतात. पोरीचं राहू दे, पण पोराच्या नावावर दोन लिटर चालतील ना? तू सायन्सवाली, जरा नियम वाचून सांग."

मी तेव्हा लागू असलेले बॅगेज नियम, २०१६ उघडले. दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय. वय कुठेच नाही. "लिहिलेलं नाही काका, चालतंय," म्हणून मोकळी झाले. बाटल्या पोराच्या बॅगेत आल्या. मुंबईला ग्रीन चॅनलमधून सगळे बाहेर पडले, देवगिरीत बसले आणि परभणीला उतरले. कुणी काही विचारलं नाही. माझं उत्तर बरोबर ठरलं असं सगळ्यांना वाटलं, मलाही.

आता चुका बघू.

पहिली चूक: मी यादीतली एक ओळ वाचली, नियम वाचलेच नाहीत. त्याच नियमांत स्पष्ट लिहिलं होतं की एका प्रवाशाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिळवता येणार नाही. बाटल्या काकांच्या, पैसे काकांचे, पिणार काका. मग पोराच्या नावावरचे दोन लिटर म्हणजे काकांनीच आपली सवलत वाढवून घेणं झालं. म्हणजे वयाचा प्रश्न येण्याआधीच उत्तर "नाही" होतं. तुम्हीही पेपरचा सारांश आणि एखादा तक्ता बघून संदर्भ देता ना? अगदी तेच.

दुसरी चूक: "लिहिलेलं नाही" याचा अर्थ मी "अट नाही" असा घेतला. आमच्या प्रयोगशाळेत मातीतले कीटकनाशकांचे अंश तपासतात. अहवालात "आढळले नाही" असं आलं, तर त्याचा अर्थ शून्य असा होत नाही. त्या यंत्राला, त्या पद्धतीने, एका मर्यादेच्या खालचं दिसलं नाही, एवढाच होतो. मग आधी विचारायचं, हे यंत्र काय मोजायला बनवलंय? बॅगेज नियम शुल्क मोजायला बनवलेत. कोणत्या सामानावर कर घ्यायचा आणि कोणत्या नाही, एवढंच ते सांगतात. बाटली जवळ बाळगायचा अधिकार कुणाला, हा प्रश्न त्यांच्या कक्षेतच नाही.

हा फरक काही मी शोधलेला नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याला एफ. एन. बलसारा यांनी आव्हान दिलं होतं. परदेशातून आयात हा केंद्राचा विषय, मग आलेली दारू जवळ ठेवायला राज्य बंदी कशी घालणार, असा त्यातला एक मुद्दा होता. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याची काही कलमं रद्द केली, पण हा मुद्दा मान्य केला नाही. माल देशात आणणं वेगळं, आणल्यावर तो बाळगणं-विकणं वेगळं. दुसऱ्यावर राज्य कायदा करू शकतं. तोच कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून चालतो. परवान्याशिवाय दारू बाळगणं, नेणं त्यात मना आहे, आणि विदेशी मद्याच्या परवान्यासाठी वय २५ पूर्ण लागतं. सौम्य बियरला २१. म्हणजे कस्टमच्या दारातून सुटलेली बाटली पुढच्या पावलाला दुसऱ्या कायद्यात शिरते.

तिसरी चूक सगळ्यात गंभीर. सतरा वर्षांचा मुलगा कायद्याने बालक आहे, हे मी लक्षातच घेतलं नाही. बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७८ बघा. मद्य विकायला, वाहून न्यायला, पुरवायला किंवा तस्करीला बालकाचा वापर करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. घरच्यांनी बॅगेत ठेवलेल्या बाटलीला हे लागू होतं का, यावर वकील वाद घालतील. पण "वाहून नेणं" हा शब्द तिथे आहे, आणि उत्तर द्यावं लागलं असतं ते काकांना. मी "चालतंय" म्हणाले तेव्हा हे कलम अस्तित्वात होतं.

चौथी चूक: पकडलं नाही म्हणून बरोबर. एका कुटुंबाला एकदा कुणी तपासलं नाही, यातून फक्त तपासणी झाली नाही एवढंच सिद्ध होतं.

आता थोडी टीका नियमावरही. ब्रिटन आणि युरोपीय संघात मद्याच्या सवलतीसोबतच सतरा वर्षांची अट सांगतात, अमेरिकेत एकवीसची. आपल्याकडे एकच पिण्याचं वय लिहिणं अवघड आहे हे मान्य. गोव्यात २१, आपल्याकडे २५, वर्धा आणि गडचिरोलीत तर दारूबंदीच. पण बाल न्याय कायदा केंद्राचा आहे, देशभर चालतो. "अठराखालील प्रवाशाला मद्याची सवलत नाही" एवढी ओळ लिहायला राज्यांचा अडथळा नव्हता. २०१६ च्या नियमांत वयावरून वेगळं काढलं होतं ते फक्त दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला. ही मोकळी जागा माझ्यासारख्या अर्धवट वाचणाऱ्यांनी भरली, आणि "माणशी दोन लिटर" तोंडोतोंडी झालं.

तुमच्या प्रस्तावात एखाद्या नियमाचा आधार घेणार असाल, तर आधी तीन गोष्टी वहीत लिहा. हा नियम कोणत्या प्रश्नासाठी बनला? माझा प्रश्न तोच आहे का? नसेल, तर माझ्या प्रश्नाचा कायदा कोणता? या तीन ओळी मी त्या दिवशी लिहिल्या असत्या, तर अर्ध्या तासात कलम ७८ पर्यंत पोचले असते.

मागच्या महिन्यात काकांना हे सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "हे तेव्हा सांगायचं होतंस बाई."

बरोबर आहे त्यांचं.