मिश्रणाच्या उदाहरणांतील अध्याहृत षष्ठी

बीजगणितातील शेकडेवारीच्या मिश्रणाची उदाहरणे विद्यार्थ्यांस दुर्घट वाटतात आणि त्याचे खापर समीकरणावर फोडले जाते. वस्तुतः समीकरण येथे बहुधा साधेच असते. अडचण त्याच्या आधीच्या वाक्यात असते.

'पाण्यात शेकडा १० मीठ' ही शब्दयोजना पाहावी. १०० किलो पाण्यात १० किलो मीठ, असा अर्थ घेतल्यास द्रावण ११० किलो होते व त्यातील मिठाचे प्रमाण शेकडा सुमारे ९ ठरते. 'द्रावणाच्या शेकडा १०' असे मानल्यास पाणी ९० किलोच लागते. सप्तमी आणि षष्ठी यांतील हा भेद केवळ वैयाकरणांच्या कुतूहलाचा विषय नव्हे. उत्तरच त्यावर अवलंबून असते.

सोलापूरसारख्या विणकरांच्या शहरात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. सूत रंगविणाऱ्यांच्या परिभाषेत '२ टक्के रंग' म्हणजे १०० किलो सुताला २ किलो रंग. पाणी कितीही असो. पाठ्यपुस्तकातील '२ टक्के द्रावण' मात्र संपूर्ण द्रावणाच्या हिशेबाने असते. घरी तेलुगु किंवा कन्नड बोलणारा येथील विद्यार्थी मराठी वाक्यातील ही अध्याहृत षष्ठी हेरू शकला नाही, तर त्याला गणितात कच्चा ठरविणे अन्यायाचे होय.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील (इ. स. ११५०) सुवर्णगणित या संदर्भात उद्बोधक आहे. तेथे शुद्ध सोने १६ वर्णांचे. १३, १२, ११ व १० वर्णांचे सोने अनुक्रमे १०, ४, २ व ४ मासे एकत्र केल्यास गुणाकारांची बेरीज २४० होते. तिला एकूण २० माशांनी भागता मिश्रण १२ वर्णांचे ठरते. तेच शोधून १६ मासे उरले, तर वर्ण १५. वजन घटले, २४० अढळ राहिले. 'वर्ण' हा त्या सोन्याचाच गुण असल्याने 'कशाचा?' ही शंकाच उद्भवत नाही.

अर्थात वर्णाचे माप सोन्यापुरतेच. शेकडेवारी सर्वत्र चालते. म्हणून तिचा त्याग नव्हे, तर स्पष्टोक्ती हवी. 'वजनाच्या शेकडा ५ मीठ असलेल्या २० किलो द्रावणात किती पाणी घातल्यास मीठ नव्या द्रावणाच्या वजनाच्या शेकडा २ होईल?' असे विचारले, की १ किलो मीठ अढळ आणि नवे द्रावण ५० किलो, हे उघड होते. पाणी ३० किलो. उदाहरण रचणाऱ्याने षष्ठी गाळावी आणि तिचा दंड विद्यार्थ्याने भरावा, ही प्रथा थांबली पाहिजे.