कारभारी आणि वकील : के. पी. एस. मेनन यांचे गद्य

मराठी वाचकाला ‘वकील’ हा शब्द पेशवेकालीन पत्रव्यवहारातून परिचित आहे. दिल्लीच्या हिंगण्यांनी पाहावे, ऐकावे आणि पुण्यास कळवावे. हुकूम देणे हे कारभाऱ्याचे काम. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र ही दोन्ही कामे पुष्कळदा एकाच माणसाकडे येत. ‘इंडियन पोलिटिकल सर्व्हिस’साठी माणसे लष्करातून व आय.सी.एस.मधून निवडली जात; त्यांतील कोणी संस्थानात रेसिडेंट होई, तर कोणी काश्गरला कॉन्सल. १८९३ मध्ये अफगाण सरहद्दीचा करार करणारे मॉर्टिमर ड्युरँड तर पुढे तेहरान, माद्रिद आणि वॉशिंग्टन येथे ब्रिटनचे प्रतिनिधी झाले. या अदलाबदलीचा इतिहास लिहिला गेला आहे. तिने लेखणीला कोणते वळण लावले, याचा विचार फारसा झालेला नाही.

मेनन (१८९८–१९८२) यांचे इंग्रजी लेखन त्या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. आय.सी.एस. अधिकारी, सिलोनमधील हिंदुस्थान सरकारचे एजंट, भरतपूरचे दिवाण, चुंगकिंगचे एजंट-जनरल, स्वतंत्र भारताचे पहिले परराष्ट्र सचिव आणि १९५२ पासून १९६१ पर्यंत मॉस्कोतील राजदूत, असा त्यांचा प्रवास. १९३४ मध्ये झांझिबारच्या नव्या कायद्यांचा तेथील हिंदी लोकांवर होणारा परिणाम पाहण्यास त्यांना धाडण्यात आले, तेव्हा त्यांनी प्रतिकूल अहवाल दिला. साम्राज्याच्या एका अधिकाऱ्याने त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या कारभारावर ठेवलेला हा ठपका होता. कारभाऱ्याच्या पोटी वकील जन्मास येतो तो अशा प्रसंगी.

‘दिल्ली-चुंगकिंग’ (१९४७) ही रोजनिशी १९४४ च्या प्रवासाची. विमानाचा मार्ग सोडून मेनन गिलगिट, हुंझा, काश्गर, उरुमची अशा वाटेने गेले. गिलगिटची एजन्सी आणि काश्गरची वकिलात ही दोन्ही ठाणी त्यांच्याच सेवेची. तेथवर प्रवासी एका अर्थी स्वगृहीच असतो. पुढे तो केवळ पाहुणा. यजमानपण सुटून पाहुणेपण अंगी येणे, हेच या पुस्तकाचे खरे कथानक होय. ‘द फ्लाइंग ट्रॉयका’ (१९६३) मध्ये ही दृष्टी परिपक्व झालेली दिसते. फेब्रुवारी १९५३ मधील भेटीत स्टालिन बोलता बोलता कागदावर लांडग्यांची चित्रे काढीत होता, ही नोंद सत्तेवरील दीर्घ प्रवचनापेक्षा अधिक सांगून जाते.

तथापि हीच दृष्टी स्वतःकडे वळते तेव्हा मंदावते. ‘मेनी वर्ल्ड्‌स’ (१९६५) या आत्मचरित्रात प्रसन्नता आहे, विनोद आहे, माणसांविषयीचे अगत्य आहे. परंतु देशबांधव तुरुंगात जात असता परक्या सत्तेची चाकरी करणे म्हणजे काय, हा प्रश्न तेथे जितका खोल जावयास हवा तितका जात नाही. त्यांचे सासरे सी. शंकरन नायर हे १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे अध्यक्ष. पंजाबातील अत्याचारांच्या निषेधार्थ त्यांनी १९१९ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच मेनन त्याच सरकारच्या सेवेत दाखल झाले, आणि १९६७ मध्ये त्यांनीच नायरांचे चरित्र लिहिले. राजीनामा देणाऱ्याचे चरित्र राजीनामा न देणाऱ्याने लिहावे, यात एका पिढीचे सारे नाट्य सामावले आहे. चरित्रकाराने ते नाट्य आपल्या अंगावर घेतले असते, तर ते पुस्तक असामान्य झाले असते.

हा दोष एकट्या मेननांचा नव्हे. वरिष्ठांसाठी टिपण लिहिणारा कारभारी आणि सरकारला खलिता धाडणारा वकील, दोघेही स्वतःला मजकुराबाहेर ठेवण्यास शिकलेले असतात. ती शिस्त प्रवासवर्णनाला तारते. आत्मचरित्राला मात्र तीच मारते.