न अडवणारा खडक

लिंकन वुल्फेनस्टाइन यांचा पदार्थातल्या न्यूट्रिनो-दोलनांवरचा शोधनिबंध १९७८ साली ‘फिजिकल रिव्ह्यू डी’मध्ये छापून आला. जेमतेम सहा पानांचा. न्यूट्रिनोला वस्तुमान आहे की नाही, याचाही तेव्हा निकाल लागलेला नव्हता. तरी आज तो वाचताना जाणवतं ते त्यामागच्या विचाराचं धारिष्ट: जो कण सहसा कशावरही आदळत नाही, त्याच्यावरही वाटेतला पदार्थ आपली छाप सोडतो.

हे कसं घडतं? न्यूट्रिनो आदळण्याची शक्यता क्षीण बलाच्या स्थिरांकाच्या वर्गावर ठरते. मुळात इवलीशी संख्या, तिचा वर्ग तर नगण्यच. पण दिशा न बदलता सरळ पुढे जाताना न्यूट्रिनोच्या तरंगाची कला किंचित सरकते, आणि हे सरकणं त्या स्थिरांकाच्या पहिल्या घातावर ठरतं. काचेत प्रकाशाचा वेग बदलतो, तशातलाच हा प्रकार. प्रत्येक इलेक्ट्रॉनाचा वाटा त्यात भर घालत जातो. खडकात इलेक्ट्रॉन आहेत. म्यूऑन किंवा टाऊ नाहीत. त्यामुळे न्यूट्रिनोच्या तीन प्रकारांपैकी एकट्या इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोला वेगळी वागणूक मिळते आणि एका प्रकारातून दुसऱ्यात जाण्याचा, म्हणजेच दोलनांचा, ताल बदलतो. घनता जितकी जास्त, तितका हा बदल मोठा.

निबंधातली सर्वांत रसाळ जागा म्हणजे १००० किलोमीटर खडकातून न्यूट्रिनो पाठवण्याच्या प्रयोगाचा विचार. वुल्फेनस्टाइन यांचा रोख तिथे वस्तुमान नसलेले न्यूट्रिनोही पदार्थात रूप बदलतील का, या शक्यतेवर होता. काळाने मात्र उचलून धरलं ते समीकरणातलं इलेक्ट्रॉनांचं साधं पद. जपानमधल्या टी-टू-के प्रयोगात २९५ किलोमीटरांवर त्याचा परिणाम थोडा, अमेरिकेतल्या नोव्हा प्रयोगात ८१० किलोमीटरांवर अधिक. फर्मीलॅबहून साउथ डाकोटाकडे योजलेल्या ड्यून प्रयोगाची वाट १३०० किलोमीटरांची. मध्यावर ती सुमारे ३० किलोमीटर खोल जाते. तिथल्या खडकाची घनता, दर घन सेंटिमीटरला २.८ ग्रॅमच्या आसपास, थेट गणितात शिरते.

प्रतिन्यूट्रिनोसाठी या पदाचं चिन्ह उलटतं. म्हणून न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो यांच्या वागण्यात दिसणाऱ्या फरकातला खडकाचा वाटा आधी वजा करावा लागतो. उरेल तो निसर्गाचा खरा पक्षपात. मूळ निबंधात नेमकं हेच चिन्ह चुकलं होतं, ते पुढे इतरांनी सुधारलं. पण कल्पनेला त्याने बाध आला नाही. खडक न्यूट्रिनोंना झुकतं माप देतो की प्रतिन्यूट्रिनोंना, यावरून आता न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांचा क्रमही ठरवता येणार आहे.