‘निगेटिव्ह’ अहवालाचा अर्थ : बालकांच्या क्षयरोग तपासणीची चिकित्सा

प्रस्तावना

रॉबर्ट कॉक यांनी १८८२ साली क्षयरोगाचा जंतू दाखवून दिला. ‘जंतू दिसला म्हणजे रोग ठरला’ हे सूत्र तेव्हापासून वैद्यकात रूढ झाले. प्रौढ रुग्णांच्या बाबतीत ते उपयुक्त ठरले, हे नाकारता येणार नाही. परंतु ‘जंतू दिसला नाही म्हणजे रोग नाही’ असा त्याचा उलटा अर्थ काढून तो बालकांना लावला जातो, तेव्हा ती चूक जीवघेणी ठरते. बालकांच्या तपासणीतील मूळ अडचण यंत्रापेक्षा नमुन्याची आणि अहवालाच्या वाचनाची आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रश्नाचे गांभीर्य

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अनुमानानुसार २०१५ या एका वर्षात जगात १५ वर्षांखालील सुमारे २ लाख ३९ हजार मुले क्षयरोगाने दगावली. त्यांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक मुलांना उपचारच मिळाले नव्हते. ही मुले औषध निष्प्रभ ठरल्यामुळे गेली नाहीत; त्यांचा रोग कोणी ओळखलाच नाही. जगातील एकूण क्षयरुग्णांत बालकांचे प्रमाण ११-१२ टक्के असावे, असे जागतिक आरोग्य संघटना मानते. भारतातील नोंदींत मात्र हे प्रमाण अलीकडच्या वर्षांत ६ टक्क्यांच्या आसपास राहिले आहे. या तफावतीचे एक मोठे कारण तपासणीच्या पद्धतीत दडलेले आहे.

थुंकीवर उभारलेली पद्धती

१९९७ पासून राबविल्या गेलेल्या सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रमाचा पाया सूक्ष्मदर्शकाखालील थुंकी तपासणी हा होता. या तपासणीत जंतू दिसण्यासाठी एक मिलिलिटर थुंकीत साधारणपणे ५ ते १० हजार जंतू असावे लागतात. बालकांच्या शरीरात रोग असूनही जंतूंची संख्या अल्प असते. त्यातच लहान मूल थुंकी बाहेर टाकत नाही, गिळते. म्हणजे प्रयोगशाळेने मागितलेली वस्तू बालक देऊच शकत नाही. अशा स्थितीत त्याच्या नावापुढे ‘निगेटिव्ह’ लिहिणे म्हणजे प्रश्न न विचारताच उत्तर नोंदविण्यासारखे आहे.

यावर जुना उपाय म्हणजे सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून जठरातील द्रव काढणे. त्यासाठी मुलाला बहुधा रुग्णालयात दाखल करावे लागते. मोर्शी-वरूड परिसरात संत्र्याच्या तोडणीवर जाणाऱ्या आईच्या दृष्टीने तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. मेळघाटातून मजुरीसाठी मैदानी भागात उतरणाऱ्या कोरकू कुटुंबांची अडचण तर याहून मोठी असते. तपासणी पूर्ण होण्याआधीच त्यांचा मुक्काम हललेला असतो.

रक्ताच्या आणि त्वचेच्या चाचण्या

थुंकी मिळत नाही म्हणून इतर चाचण्यांकडे वळण्याचा मोह स्वाभाविक होता. या संदर्भात आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत झालेला, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा आहे. रुग्णालयात दाखल असलेल्या ग्रामीण बालकांमध्ये मांटू त्वचाचाचणी आणि इंटरफेरॉन-गॅमावर आधारित महागडी रक्तचाचणी यांची त्यात तुलना करण्यात आली. दोन्हींचे निष्कर्ष बव्हंशी जुळले. मात्र हा मेळ सावधपणे वाचावयास हवा. दोन्ही चाचण्या शरीरात संसर्ग पोहोचला की नाही एवढेच सांगतात. संसर्ग आणि रोग यांतील भेद त्यांपैकी एकीलाही करता येत नाही.

प्रतिपिंड शोधणाऱ्या रक्तचाचण्यांची कथा याहून खेदजनक आहे. खासगी क्षेत्रात त्या वर्षानुवर्षे सर्रास वापरल्या गेल्या. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नयेत असे सांगितले आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. सोयीचा नमुना विश्वासार्ह उत्तर देईलच असे नाही, हा यातील धडा आहे.

यंत्रे आली, पुढे काय?

सीबीनॅट यंत्राने जंतूच्या जनुकीय अंशाचा शोध सुमारे दोन तासांत शक्य केला. मिलिलिटरमागे सव्वाशे-दीडशे जंतूही त्याला पुरतात. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बालकांसाठी त्याची शिफारस केली. गोव्यातील कंपनीने विकसित केलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या ट्रूनॅटलाही २०२० मध्ये मान्यता मिळाली. ही प्रगती निश्चितच स्वागतार्ह आहे. तथापि तीव्र नजरेच्या यंत्रासमोरही नमुना ठेवावाच लागतो. म्हणूनच गिळलेल्या थुंकीतील जंतू शौचात उतरतात, या साध्या वस्तुस्थितीवर आधारलेली शौचाच्या नमुन्याची तपासणी प्रस्तुत लेखकास यंत्रांहूनही महत्त्वाची वाटते. नळी नको, उपवास नको, मुक्काम नको. परंतु येथेही सर्व रुग्ण सापडत नाहीत, याचे भान सुटता कामा नये.

एक आक्षेप

जंतू न सापडता उपचार दिले तर निरोगी मुलांना विनाकारण औषधे दिली जातील, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर चिकित्सकाच्या शिस्तीत आहे. घरातील रुग्णाचा सहवास, दोन आठवड्यांहून अधिक ताप वा खोकला, न वाढणारे वजन आणि छातीचा एक्स-रे यांची एकत्रित संगती लावून निर्णय घेण्याची पद्धत २०२२ च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत मांडलेली आहे. त्याच सूचनांनी सौम्य रोग असलेल्या मुलांसाठी सहाऐवजी चार महिन्यांचा उपचारही मान्य केला. चुकीच्या निदानाची किंमत त्यामुळे काही अंशी कमी झाली. हुकलेल्या निदानाची, विशेषतः दोन वर्षांखालील बालकाच्या मेंदूपर्यंत रोग पोहोचला तर, किंमत मात्र तेवढीच राहिली आहे.

समारोप

बालकाच्या अहवालावर केवळ ‘निगेटिव्ह’ असे न लिहिता नमुना कोणता होता, कसा मिळाला आणि पुढे काय पाहावे, हे लिहिले जाणे आवश्यक आहे. तालुक्याच्या रुग्णालयात शौचाचा नमुना घेण्याची सोय आणि अंगणवाडीतील वजनाची नोंद डॉक्टरांपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था, या दोन गोष्टींना नव्या यंत्राइतकेच महत्त्व द्यावे लागेल. प्रयोगशाळा साक्षीदार आहे. तिला न्यायाधीश करण्याची आपली सवय सुटल्याशिवाय मुलांमधील क्षयरोगाचे खरे चित्र नोंदवहीत उमटणार नाही.