ओर्नांचं दफन आणि भीमेचा घाट

मागच्या वेळी शिरूरला करुण रसावर बोललो. आज दौंडला तोच धागा पुढे नेतो. उदाहरण मात्र एका मेटल बँडचं आहे. नाव ‘डिसएम्बाउलमेंट’, म्हणजे कोथळा बाहेर काढणं! हसा, हसा. मीही हसलो होतो, आणि तिथंच चुकलो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका विद्यार्थ्यानं यांची कॅसेट मला दिली. मी सौंदर्यशास्त्र शिकवणारा माणूस. नुसतं नाव वाचून ती परत केली. वर ‘गोंगाटात रस नसतो’ असंही सुनावलं. गेल्या वर्षी तेच संगीत नातवाच्या हेडफोनवर ऐकलं. तेव्हा आजचं बोलणं अर्धी समीक्षा आहे, अर्धी कबुली.

बँड मेलबर्नचा. १९९३ साली अमेरिकेतल्या रिलॅप्स कंपनीनं त्यांचा ‘ट्रान्सेंडन्स इंटू द पेरिफेरल’ हा अल्बम काढला. सात रचना, जवळजवळ एक तास. पूर्ण लांबीचा हा एकच. मग बँड मोडला. त्याच काळात इंग्लंडात पॅराडाइज लॉस्ट, माय डाइंग ब्राइड ही मंडळी डेथ मेटलची गुरगुर आणि डूमची संथ लय एकत्र आणत होती. नाव त्यांचं झालं, हे मागे राहिले.

यात ऐकण्यासारखं काय आहे? काही ठिकाणी ड्रम इतका द्रुत की ठोके वेगळे काढता येत नाहीत. मग लय एकदम कोसळते. एक ठोका पडतो, आणि दुसऱ्याची वाट बघावी लागते. त्या पोकळीत स्वच्छ गिटार घुमत राहते, देवळाच्या गाभाऱ्यात आवाज घुमावा तशी. तुम्ही म्हणाल, विलंबित आम्हाला काय नवीन? अमीर खाँसाहेबांचा झुमरा आपण ऐकलाय. खरंय. पण ख्यालात आपण विलंबिताकडून द्रुताकडे जातो. इथं द्रुत पुन्हा पुन्हा विलंबितात बुडतं.

यातली सर्वांत लांब रचना चौदा मिनिटांच्या वर जाते. तिचं नाव ‘अ बेरियल अॅट ओर्नां’. हे गुस्ताव कूर्बेच्या चित्राचं नाव. कूर्बेनं आपल्या गावातल्या साध्या माणसांची अंत्ययात्रा साडेसहा मीटरहून रुंद कॅनव्हासवर रंगवली. एवढा आकार तेव्हा राजे आणि संतांसाठी राखलेला असे. पॅरिसकर संतापले, माणसं कुरूप आहेत म्हणाले. चित्रात खड्डा अगदी खालच्या कडेला आहे, म्हणजे बघणाऱ्याच्या पायाशी. कोणी स्वर्गात जाताना दिसत नाही. माणसं नुसती उभी आहेत.

आता आपल्या भीमेच्या घाटावर या. दशक्रियेला पिंड ठेवलाय आणि कावळा शिवत नाही. सगळे उभे. कोणी घड्याळ बघतं, कोणी मेलेल्याची राहिलेली इच्छा आठवतं. शोकातला तो वेळ कोणालाच पुढे ढकलता येत नाही. ही रचना त्या वेळेची आहे. ती रडवत नाही, थांबायला लावते.

दोषही सांगतो. द्रुत भाग सगळीकडे लागत नाहीत. काही ठिकाणी नुसती ताकद दाखवल्यासारखे येतात. गुरगुरण्यात शब्द कळत नाहीत. शीर्षकांतली गूढता कधीकधी उसनी वाटते. पण शेवटच्या रचनेत गिटार निवळते आणि जे उरतं त्याला करुण म्हणणं मला अपुरं वाटतं.

भरतानं बीभत्साचा स्थायी भाव जुगुप्सा सांगितला. अभिनवगुप्तानं शांत रसाची बाजू लावून धरली. जुगुप्सेतून शांताकडे वाट जाते का? देहाची किळस वैराग्याकडे नेते, हे आपले संत सांगत आलेच आहेत. मग तीच वाट मेलबर्नच्या चार पोरांना सापडली, तर ती नाकारणारा मी कोण?

त्या विद्यार्थ्याचा पत्ता आता माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी शिक्षक असतील त्यांना एवढंच सांगतो: पोरानं काही ऐकायला दिलं तर आधी ऐका. मत नंतर द्या, नाही दिलं तरी चालेल.