बारक्या, काळ्या, बाळ्या

बॅरी जेन्किन्सच्या 'मूनलाइट' (२०१६) या चित्रपटातला एक प्रश्न मराठीत आणताना लेखणी अडते. मायामीतल्या लिबर्टी सिटी या काळ्या वस्तीतला एक अबोल मुलगा, त्याला आसरा देणाऱ्या हुआनला जेवणाच्या टेबलाशी बसून विचारतो, की पोरं मला ज्या शब्दानं हिणवतात त्याचा अर्थ काय? हुआन स्वतः अमली पदार्थ विकणारा. तो थोडा वेळ घेतो आणि सांगतो, की समलिंगी माणसांना आपल्याबद्दल वाईट वाटावं म्हणून तो शब्द वापरतात. तू समलिंगी असशीलही, पण त्या शब्दानं तुला कुणी हाक मारावी हे चालवून घेऊ नकोस.

इंग्रजीत हे साधतं, कारण तिथं दोन शब्द आहेत आणि दोन्ही गल्लीतल्या पोराच्या तोंडचे आहेत. एक शिवी, दुसरी साधी ओळख. मराठीत शिवीची ददात नाही. बायल्या आहे, नाच्या आहे, त्याहून खालचेही आहेत. पण 'समलिंगी' हा शब्द वर्तमानपत्राचा, कोर्टाच्या निकालाचा, आरोग्यखात्याच्या पत्रकाचा. दहा वर्षांचं पोर तो बोलत नाही आणि त्याला जीव लावणारा माणूसही बोलत नाही. हुआनचं वाक्य मराठीत केलं तर त्याचा एक पाय गल्लीत आणि दुसरा सरकारी कचेरीत पडतो. जिव्हाळ्याचा शब्दच भाषेत नाही.

ही अडचण भाषांतरकाराइतकीच प्रेक्षकाचीही आहे. ज्या गोष्टीला आपल्याकडे फक्त शिवी आणि परिभाषा आहे, ती पडद्यावर आली की प्रेक्षकाजवळही दोनच प्रतिक्रिया उरतात : हसणं किंवा गंभीर चेहरा करणं.

आमच्या जबलपूरला, गोरखपूर भागात, एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात भिंतीवर प्रोजेक्टर लावून आम्ही दहा-बारा जणांनी 'मूनलाइट' पाहिला होता. काही मराठी, काही हिंदी भाषक, एक पंजाबी शेजारी. इंग्रजी उपशीर्षकं होती, जिथं कुणी अडेल तिथं मी हळू आवाजात मराठी किंवा हिंदी करून सांगत होते. हुआन मुलाला समुद्रात पोहायला शिकवतो तेव्हा खोलीत कुणी हललं नाही. दुसऱ्या भागात दोन मुलं रात्री समुद्रकिनारी जवळ येतात, तेव्हा एक खोकला, एक दबकं हसू, कुणाला तरी पाणी हवं झालं. आणि त्यानंतर शायरॉन वर्गात शिरून आपल्याला छळणाऱ्या मुलाच्या पाठीत खुर्ची घालतो, तेव्हा खोलीतून चक्क दाद आली. टाळी पडली.

मला त्या हसण्यापेक्षा ती टाळी महत्त्वाची वाटते. हसू हा बचाव असतो. आपण यातले नाही हे शेजारच्याला कळवायची ती सोय आहे. टाळी मात्र मनापासूनची होती. 'आता खरा मर्द झाला' असा तिचा अर्थ होता. आणि चित्रपटाच्या लेखी तोच क्षण गमावण्याचा आहे. पोलीस शायरॉनला घेऊन जातात, आणि पुढच्या भागात आपल्याला भेटतो तो दंड फुगवलेला, दातांवर सोन्याची टोपणं चढवलेला, अटलांटात अमली पदार्थांचा धंदा करणारा माणूस. प्रेक्षकाला जो विजय वाटला, त्यातूनच हे चिलखत घडलं आहे. दिग्दर्शक जिथं हळहळतो तिथं आपण खूश होतो.

असं का व्हावं? एक कारण मला आपल्या चित्रपटांच्या शिकवणीत दिसतं. बायकी पुरुष मराठी प्रेक्षकाला नवा नाही. 'जोगवा' (२००९) आणि 'नटरंग' (२०१०) या अवघ्या काही महिन्यांच्या अंतरानं आलेल्या चित्रपटांनी त्याला थेट मध्यभागी आणलं आणि प्रेक्षकानं दोघांनाही भरभरून प्रेम दिलं. 'नटरंग'चा गुणा कसलेल्या शरीराचा मजूर. त्याला राजा व्हायचंय, आणि फडासाठी नाच्या व्हावं लागतं. 'जोगवा'च्या तायप्पाला देवीच्या नावानं साडी नेसवली जाते. दोघांची विटंबना होते, दोघांसाठी आपला जीव तुटतो. पण दोन्ही ठिकाणी चित्रपट आपल्या कानात एक हमी सांगत असतो : आतला पुरुष शाबूत आहे. गुणाचं मन नयनाकडे ओढ घेतं, तायप्पाचं सुलीकडे. तायप्पा साडी झुगारतो तेव्हा आपण सुटकेचा श्वास टाकतो. महाभारतातल्या बृहन्नडेची हीच गंमत आहे. विराटाच्या दरबाराला ठाऊक नसलं तरी श्रोत्याला पहिल्यापासून ठाऊक असतं की आत अर्जुन आहे. ही हमी काढून घेतली असती तर तेवढंच प्रेम मिळालं असतं का? मला शंका आहे. हे दोन्ही चित्रपट मी मोलाचे मानते. अतुल कुलकर्णी आणि उपेंद्र लिमये यांनी त्या भूमिकांसाठी जे पणाला लावलं ते विसरण्याजोगं नाही. पण त्यांनी कमावलेली सहानुभूती अटीवरची होती, हेही म्हटलं पाहिजे.

'मूनलाइट' हे गणित उलटं मांडतो. गुणाचं बाहेरचं सोंग बाईचं, आत पुरुष. तिसऱ्या भागातल्या शायरॉनचं बाहेरचं सोंगच पुरुषाचं आहे, आणि आत तो टेबलाशी बसलेला मुलगा आहे. पुरुषपण हाच इथं वेश. हे दाखवण्यासाठी जेन्किन्सला काळ्या पुरुषाचंच शरीर घ्यावं लागलं, कारण त्या शरीराकडे अमेरिका शतकानुशतकं दोनच नजरांनी पाहत आली : राबवून घेण्याचं किंवा भीती बाळगण्याचं. भीती वाटावी असं दिसणं हे त्या वस्तीत जगण्याचं साधन होतं. मूळ लेखन तारेल अॅल्विन मॅक्रेनी यांचं. ते आणि जेन्किन्स दोघंही लिबर्टी सिटीतच वाढले. मॅक्रेनी समलिंगी आहेत, जेन्किन्स नाहीत, पण वस्तीची नजर दोघांनीही अंगावर घेतलेली आहे.

मराठी वाचकाला काळी अमेरिका परकी नाही. १९४६मध्ये डॉ. आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. पण या वाटेनं आपल्यापर्यंत पोचलेला काळा माणूस मूठ वळलेला, लढणारा, आणि गृहीतच धरलेला मर्द होता. एल्ड्रिज क्लीव्हरनं १९६८मध्ये जेम्स बॉल्डविनवर त्याच्या समलिंगी असण्यावरून हल्ला चढवला. त्याच चळवळीतल्या ह्यूई न्यूटननं ऑगस्ट १९७०मध्ये स्त्रियांच्या आणि समलिंगींच्या मुक्तिचळवळींना पँथरनं मित्र मानावं, असं जाहीरपणे सांगितलं. आपल्या वाचनात पँथरची मूठ आली तितकं न्यूटनचं हे म्हणणं आलं नाही. विद्रोही पुरुषाच्या घरातलं चित्र कसं होतं हे मल्लिका अमर शेख यांनी 'मला उद्ध्वस्त व्हायचंय'मध्ये लिहिलं, तेव्हाही आपण ते एका संसाराची कहाणी म्हणून वाचलं; पुरुषपणाची चिकित्सा म्हणून फारसं वाचलं नाही.

मार्लन रिग्जचा 'टंग्ज अनटाइड' (१९८९) हा माहितीपट याच दुहेरी कोंडीतून आला होता. काळ्यांच्या चळवळीत समलिंगी म्हणून जागा नाही, गोऱ्या समलिंगींत काळा म्हणून जागा नाही. १९९१मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर तो दाखवायचं ठरलं तेव्हा अनेक स्थानिक केंद्रांनी नकार दिला, आणि पुढच्या वर्षी अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या झगड्यात पॅट ब्युकॅनन यांच्या प्रचारानं त्यातली दृश्यं जाहिरातीत वापरली. पंचवीस वर्षांनी 'मूनलाइट'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. नकारापासून सन्मानापर्यंतचा हा प्रवास खराच आहे. पण सन्मानाबरोबर एक वाक्यही सर्वत्र ऐकू आलं : ही तर कुणाचीही प्रेमकथा आहे, वैश्विक आहे. कौतुक म्हणून म्हटलेल्या या वाक्यात दोन शब्द खोडलेले असतात, काळा आणि समलिंगी. बायकी पुरुषाबाबत आपण 'आत मर्द आहे' ही हमी मागतो, तशीच ही हमी : आत आपल्यासारखाच कुणीतरी आहे.

'साबर बोंडं'च्या वाट्याला हे आलंच. रोहन परशुराम कानवडे यांच्या या चित्रपटाला जानेवारी २०२५मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्र विभागातलं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं आणि सप्टेंबरमध्ये तो भारतात प्रदर्शित झाला. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडील वारल्यावर सुतकाच्या दहा दिवसांसाठी आईबरोबर गावी येतो. नातेवाईक लग्नाचं विचारत राहतात. आणि शेतकरी बाळ्या, बालपणीचा मित्र, पुन्हा भेटतो. या चित्रपटात आतला पुरुष शाबूत असल्याची हमी नाही आणि चिलखतही नाही. दोन साधे गावाकडचे पुरुष आहेत, ना बायकी ना पिळदार. प्रेक्षकाला हसायला किंवा टाळी वाजवायला हा चित्रपट जागाच ठेवत नाही, आणि मला वाटतं तेच त्याचं सर्वांत धीट पाऊल आहे. काहींना तो संथ वाटला. पण त्या संथपणात प्रेक्षकाला आपल्या अस्वस्थतेबरोबर एकटं बसावं लागतं.

इथं एक योगायोग भाषांतरकाराला सुचतो. 'मूनलाइट'च्या तीन भागांची नावं नायकाच्या तीन हाका आहेत : लिटल, शायरॉन, ब्लॅक. मराठीत पहिली आणि तिसरी सहज होतात, बारक्या आणि काळ्या. दोन्ही नावं आपल्या प्रत्येक आळीत सापडतील. 'काळ्या' ही शिवीही आहे आणि लाडाची हाकही; कोण मारतं यावर ठरतं. चित्रपटात ती हाक केव्हिननं मारलेली आहे, म्हणून शायरॉन ती दहा वर्षं अंगावर वागवतो. बाळ्याही असाच. पोटापाण्याला लागलेला, बापाची शेती सांभाळणारा गडी, आणि हाक मात्र लहान मुलाची. जिव्हाळ्याचा शब्द आपल्याकडे नाही असं मी वर म्हटलं, ते ओळखीच्या शब्दाबद्दल. हाकेच्या बाबतीत मराठी गरीब नाही. आपले चित्रपट हा मार्ग सापडल्यासारखे दिसतात : नातं सांगायला नाम नसेल तर हाक पुरते. केव्हिन शायरॉनला रांधून वाढतो, बाळ्या आनंदला साबराची बोंडं खायला देतो. दोन्हीकडे कबुली तोंडानं दिलेली नाही.

मराठी माणसाबद्दलचा, पण हिंदीतला, एक चित्रपट इथं आठवायलाच हवा. हंसल मेहतांचा 'अलिगढ' (२०१६) प्रा. रामचंद्र सिरस यांच्यावर आहे. अलिगढ मुस्लिम विद्यापीठात ते मराठी शिकवत. कवी होते, 'पायाखालची हिरवळ' हा त्यांचा संग्रह. फेब्रुवारी २०१०मध्ये त्यांच्या घरात घुसून चित्रण केलं गेलं, ते निलंबित झाले. उच्च न्यायालयाकडून दिलासा मिळाला आणि एप्रिलमध्ये ते मृतावस्थेत आढळले. चित्रपटात कोर्टात वकील त्यांच्या खासगी आयुष्याचा कीस पाडत असताना ते आपल्या मराठी कवितांचं इंग्रजी करत बसलेले दिसतात. महाराष्ट्राबाहेर, हिंदीच्या गर्दीत मराठी वाचत जगणाऱ्या माझ्यासारखीला ते दृश्य फार जवळचं. मनोज वाजपेयींच्या अभिनयाचं कौतुक सगळ्यांनी केलं. पण ते कौतुक करणाऱ्यांतल्या किती मराठी वाचकांनी सिरसांचा संग्रह शोधला? एकाकी, वृद्ध, सोसून गेलेला माणूस आपल्याला पेलतो. तो जिवंत असता, शेजारच्या घरात असता, कुणाबरोबर सुखात असता, तर आपण काय केलं असतं, हा प्रश्न चित्रपट संपताना मागे राहतो.

म्हणून 'प्रेक्षक आता बदलला' हे विधान मला घाईचं वाटतं. ६ सप्टेंबर २०१८च्या निकालानं कायदा बदलला. पारितोषिकांनी दारं उघडली. पण प्रेक्षक अजून अटी घालतो : आतून मर्द असेल तर, सोसून मेला असेल तर, 'वैश्विक' असेल तर. 'साबर बोंडं' यातली एकही अट पाळत नाही. आनंद जिवंत आहे, त्याच्या आईला सगळं ठाऊक आहे, आणि त्याचं दुःख आहे ते बापाच्या मरणाचं. स्वतःच्या असण्याचं नाही. निवडुंगाच्या बोंडावर बारीक कुसळं असतात, ती दिसत नाहीत पण हाताला लागतात. ज्याला ते फळ खायचंय त्यानं कुसळांची तक्रार न करता ती काढायला शिकायचं असतं. गावाकडच्या पोरांना ते येतं. प्रेक्षकालाही येईल, पण त्यासाठी आधी फळाला हात लावावा लागेल.