साप, अंडी आणि 'शिकार' हा शब्द

रिसर्चकडे वळणार असाल तर 'सनाजेह' या सापावरचा २०१० चा पेपर वाचाच. पण शीर्षक शेवटी वाचा.

नागपूरच्या भूविज्ञान क्षेत्रातलं परिचित नाव म्हणजे धनंजय मोहबे. जीएसआयमध्ये असताना १९८० च्या दशकात त्यांना गुजरातच्या ढोली डुंगरीत, लामेटा खडकात, सॉरोपॉड डायनासोरची अंडी आणि बारीक हाडं सापडली. १९८७ मध्ये ती हाडं पिल्लाची म्हणून प्रसिद्ध झाली. २००१ मध्ये जेफ्री विल्सन यांनी तोच दगड पाहिला, तेव्हा त्यातले काही मणके सापाचे निघाले! दगड जपून ठेवला होता म्हणूनच हे शक्य झालं.

आता पेपर तपासू. दिसतं काय? फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला, सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप. शेजारी अर्ध्या मीटरचं पिल्लू. त्याच जागी साप आणि अंडी पुन्हा एकत्र सापडतात, त्यामुळे योगायोगाची शंका कमी होते. जबडा फार उघडत नसे, म्हणून अख्खं अंडं नाही, तर पिल्लू गिळत असावा, हा लेखकांचा तर्क मला पटतो.

पण सापाच्या पोटात पिल्लू सापडलेलं नाही. म्हणजे 'शिकार' हे निरीक्षण नाही, अनुमान आहे. मजबूत, तरीही अनुमानच. शीर्षकात मात्र ते थेट घटना म्हणून येतं. इथे माझा आक्षेप आहे.

तुम्ही सिनॉप्सिस लिहाल तेव्हा 'दिसलं' आणि 'असावं' यांचे दोन वेगळे रकाने करा. गाइडचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतील.